गारव्याचा हिशेब पाण्यात

होळी आटोपली की वर्धा जिल्ह्यात घरोघरी एकच काम निघते. माळ्यावरचा कूलर खाली येतो, टाकी घासली जाते, पंप चालतो की नाही ते पाहिले जाते आणि जुन्या ताट्या फेकून वुडवूलच्या नव्या ताट्या बसवल्या जातात. पाणी बोअरचे असेल तर जुन्या ताट्यांवर क्षाराचा पांढरा, कडक थर जमलेला असतो. कूलर किती पाणी पितो, पाणी बदलले नाही तर वास कसा येतो आणि डासांच्या अळ्या कशा होतात, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

मोठ्या रुग्णालयाच्या किंवा व्यापारी संकुलाच्या छतावर उभा असलेला कूलिंग टॉवर हा याच कूलरचा थोरला भाऊ. तत्त्व तेच, पाणी तेच, क्षार तोच आणि निष्काळजीपणाची शिक्षाही त्याच जातीची. फरक एवढाच, की घरचा कूलर कोण घासणार हे ठरलेले असते. छतावरच्या टॉवरचे तसे नसते.

हा विषय आत्ता महत्त्वाचा ठरतो त्याला कारण आहे. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२३ मध्ये नऊ नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना मान्यता दिली, त्यात वर्धा जिल्ह्याचे एक आहे. प्रत्येकी १०० विद्यार्थी आणि ४३० खाटांचे संलग्न रुग्णालय, असे त्याचे स्वरूप. सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) या दोन मोठ्या वैद्यकीय संस्था जिल्ह्यात आधीपासून आहेत. महाविद्यालय कोणत्या गावात व्हावे, यावर जिल्ह्यात भरपूर चर्चा झाली. पण अशा इमारतीतल्या शस्त्रक्रियागृहांना, अतिदक्षता विभागाला आणि प्रयोगशाळांना लागणारा गारवा कुठल्या यंत्रणेतून आणि कुठल्या पाण्यातून येणार, हा प्रश्न सहसा चर्चेत येत नाही. तो अंदाजपत्रकाच्या एका ओळीत सुटतो, किंवा सुटला असे मानले जाते.

कूलिंग टॉवर नेमके काय करतो?

वातानुकूलन म्हणजे गारवा निर्माण करणे नव्हे, तर आतली उष्णता उचलून बाहेर टाकणे. मोठ्या इमारतीत हे काम चिलर नावाचे यंत्र करते. चिलर इमारतीत फिरणाऱ्या पाण्यातली उष्णता काढून घेतो. ती बाहेर टाकण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, घरच्या एसीच्या बाहेरच्या भागासारखा: पंखा लावायचा आणि उष्णता थेट हवेत सोडायची. याला एअर-कूल्ड म्हणतात. दुसरा, ती उष्णता पाण्याच्या दुसऱ्या फेऱ्यात द्यायची, ते गरम पाणी छतावर नेऊन प्लॅस्टिकच्या जाळीदार थरांवरून खाली पाडायचे आणि त्यातून पंख्याने हवा ओढायची. थोडे पाणी वाफ होऊन उडते आणि उरलेले गार होते. हाच कूलिंग टॉवर, आणि ही वॉटर-कूल्ड पद्धत.

घरचा कूलर पाणी उडवून हवा गार करतो, टॉवर पाणी उडवून पाणीच गार करतो. माठातले पाणी गार होते तेही असेच. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता जाते. इतकी उष्णता निव्वळ हवेने वाहून न्यायची तर फार मोठे पंखे आणि फार जास्त वीज लागते. पाण्याची ही ताकदच टॉवरच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा आहे.

वर्ध्याचे हवामान कोणाच्या बाजूने?

इथे एक गंमत आहे. टॉवरला हवेच्या तापमानाशी फारसे देणेघेणे नसते. त्याला हवेच्या कोरडेपणाशी असते. तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळून वारा घातला की जे तापमान दिसते, त्याच्या खाली टॉवर पाणी गार करू शकत नाही. अभियंते त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर हे ओल्या फडक्याचे तापमान २४ अंशांच्या आसपास येते. ऑगस्टमध्ये पारा २९ अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर ते २७ अंशांपर्यंत चढते. म्हणजे चांगल्या टॉवरमधून मे महिन्याच्या भर दुपारी साधारण २८ अंशांचे पाणी मिळू शकते, आणि पावसाळ्यात मात्र ते ३० अंशांच्या पुढे जाते. भादव्यात घरचा कूलर लावला की नुसता दमटपणा वाढतो, हा अनुभव सर्वांचाच आहे.

एअर-कूल्ड यंत्राला मात्र त्याच मे महिन्यात ४५ अंशांच्या हवेत उष्णता ढकलावी लागते. बाहेर जितके जास्त तापते तितकी त्याची क्षमता घटते आणि वीज वाढते. ज्या दिवशी उष्माघाताचे रुग्ण येतात, त्याच दिवशी ते सर्वाधिक थकते. वर्ध्याच्या कोरड्या उन्हाळ्यासाठी टॉवर ही तांत्रिकदृष्ट्या अतिशय योग्य निवड आहे. अडचण एकच: ज्या चार महिन्यांत टॉवर सर्वांत चांगले काम करतो, त्याच चार महिन्यांत जिल्ह्यात पाणी सर्वांत कमी असते.

पाणी किती लागते?

वातानुकूलनाची क्षमता टनात मोजतात. पूर्वी गारव्यासाठी बर्फ वापरत, त्या काळाचे हे माप. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी ही क्षमता, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. पूर्ण भाराने चालणाऱ्या दर टनामागे टॉवरमधून ताशी सुमारे सहा लिटर पाणी वाफ होऊन जाते.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. एका मोठ्या रुग्णालयात ३०० टनांची यंत्रणा आहे आणि उन्हाळ्यात ती दिवसभर सरासरी ६० टक्के भाराने चालते, असे धरू. म्हणजे १८० टन. दिवसाला सुमारे २६ हजार लिटर पाणी नुसते हवेत जाईल.

पण एवढ्यावर भागत नाही. पाणी उडते, क्षार मागे राहतो. दूध आटवताना जसे दाट होते तसे टॉवरमधले पाणी दाट होत जाते. ठरावीक मर्यादेनंतर त्यातले काही पाणी काढून टाकावे लागते आणि ताजे भरावे लागते. या काढून टाकलेल्या पाण्याला ब्लोडाउन म्हणतात. आत येणाऱ्या पाण्याच्या किती पट दाट होऊ द्यायचे, यावर सगळा हिशेब अवलंबून आहे. दुप्पट दाट होताच काढले, तर जितके उडाले तितकेच गटारात जाते आणि रोजची गरज सुमारे ५२ हजार लिटर होते. तिप्पट होऊ दिले तर ३९ हजार. पाचपट होऊ दिले तर ३२ हजार.

दुप्पट आणि पाचपट यांतला फरक रोज सुमारे १९ हजार लिटरचा, म्हणजे उन्हाळ्याच्या १२० दिवसांत २३ लाख लिटरांचा. हा फरक टॉवरच्या कंपनीवर अवलंबून नसतो. तो येणाऱ्या पाण्याच्या जडपणावर आणि त्या पाण्यावर होणाऱ्या प्रक्रियेवर अवलंबून असतो. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्ट म्हणजे काळ्या पाषाणावर वसलेला आहे आणि बोअरच्या जड पाण्याची ओळख इथल्या गृहिणींना डाळ शिजवताना होतेच. असे पाणी प्रक्रियेविना टॉवरमध्ये सोडले, तर ते पाचपट दाट करणे शक्यच नसते. थर जमून नळ्या बंद होतात.

हे आकडे रुग्णालयाच्या मापात पाहिले की त्यांचे वजन कळते. शंभरापेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयासाठी इमारत संहितेतले माप दर खाटेमागे दिवसाला ४५० लिटर आहे. ४३० खाटांना १ लाख ९३ हजार ५०० लिटर. आपल्या उदाहरणातला टॉवर तिप्पट दाटीवर चालला, तरी त्यात आणखी पाचव्या हिश्शाची भर पडते. दुसऱ्या शब्दांत, छतावर ८६ अदृश्य खाटा असतात आणि त्यांनाही रोज पाणी लागते. वर्धा शहर आणि लगतची गावे धाम नदीवरच्या महाकाळी प्रकल्पाकडे डोळे लावून असतात, हिंगणघाट वणा नदीकडे. एप्रिल-मेमध्ये या ८६ खाटांचे पाणी कुठून येणार, हे आधी ठरलेले असले पाहिजे.

विजेचा हिशेब

पाणी वाचवायचे तर एअर-कूल्ड यंत्र बसवावे, असा सरळ निष्कर्ष कुणी काढेल. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पंप आणि टॉवरचा पंखा धरूनही वॉटर-कूल्ड यंत्रणा दर टनामागे साधारण ०.४ किलोवॅट वीज वाचवते. आपल्या उदाहरणात दिवसाला सुमारे १,७०० युनिट. १२० दिवसांत दोन लाखांहून जास्त युनिट. युनिटचा दर १० रुपये धरला तर २० लाख रुपयांची बचत.

याच चार महिन्यांत टॉवरला सुमारे ४७ लाख लिटर पाणी लागेल. हजार लिटरला ५० रुपये धरले तर सव्वादोन ते अडीच लाख रुपये. टँकर मागवावे लागले आणि हजार लिटरला २०० रुपये पडले, तरी नऊ-साडेनऊ लाख. म्हणजे टँकरचे पाणी घालूनही पैशाच्या हिशेबात टॉवरच जिंकतो. धोका नेमका इथेच आहे. ज्या गावात माणसांना पाणी दोन दिवसांआड येते, तिथेही टॉवर ‘परवडतो’, कारण पाण्याचा दर त्याच्या टंचाईला धरून वाढत नाही.

आणखी एक धागा सुटता कामा नये. जास्तीची वीज कुठूनतरी येतेच, आणि विदर्भात ती बहुतांश कोळशावरच्या केंद्रांतून येते. त्या केंद्रांनाही पाणी लागते. केंद्र सरकारच्या डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेनुसार, कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांना दर मेगावॅट-तासामागे जास्तीत जास्त साडेतीन घनमीटर पाण्याची मर्यादा आहे. रुग्णालयाने एअर-कूल्ड यंत्रे बसवून रोज १,७०० युनिट जास्त वापरली, तर वीजकेंद्रात रोज सुमारे सहा हजार लिटर पाणी खर्ची पडेल. वर्ध्यात ३९ हजार वाचले, दुसऱ्या जिल्ह्यात सहा हजार गेले आणि वर कोळसा जळला. पाण्याच्या दृष्टीने हा सौदा तरीही फायद्याचा आहे. हवेच्या दृष्टीने नाही.

नियम काय सांगतो?

ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने २०१७ मध्ये या प्रश्नाचे एक उत्तर देऊन ठेवले आहे. इमारतीचा शीतन भार ५३० किलोवॅटपर्यंत, म्हणजे सुमारे १५० टनांपर्यंत असेल तर एअर-कूल्ड चिलर चालतात. त्यापुढे मात्र एकूण क्षमतेच्या ३३ टक्क्यांपेक्षा जास्त वाटा एअर-कूल्डचा नसावा. अपवाद एकच: संबंधित प्राधिकरणाने एअर-कूल्ड यंत्रेच बंधनकारक केली असतील तर.

ही संहिता विजेची बचत डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहे, आणि त्या मर्यादेत ती बरोबरच आहे. पण त्या अपवादाच्या वाक्यात मोठा अर्थ आहे. पाण्याची स्थिती पाहून स्थानिक पातळीवर वेगळा निर्णय घेण्याची वाट तिथे उघडी ठेवलेली आहे. त्यासाठी जिल्ह्याच्या पाण्याचा आणि विजेचा एकत्र हिशेब कुणीतरी मांडावा लागतो. तो मांडला नाही, तर मोठ्या इमारतीला टॉवर आपोआप येतो आणि त्याच्यासोबत यायला हवी ती व्यवस्था मागे राहते.

आरोग्याचा प्रश्न कुठे येतो?

जुलै १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ या संघटनेचे अधिवेशन भरले होते. त्यानंतर दोनशेहून अधिक लोक न्यूमोनियासारख्या आजाराने पडले आणि ३४ जण दगावले. काही महिन्यांच्या शोधानंतर जिवाणू सापडला. संघटनेच्या नावावरूनच त्याला लिजिओनेला म्हणू लागले.

हा जिवाणू नद्या-तलावांत थोड्या प्रमाणात असतोच. पिण्यातून तो सहसा बाधत नाही, एका माणसाकडून दुसऱ्याकडेही सहसा जात नाही. तो धोकादायक ठरतो तो सूक्ष्म तुषारांतून श्वासात गेला की. २० ते ४५ अंशांचे, गाळ आणि शेवाळ असलेले, साचून राहिलेले पाणी त्याला मानवते. दुर्लक्षित कूलिंग टॉवरमध्ये हे सगळे एकत्र मिळते, आणि वर पंखा ते तुषार परिसरात उडवायला तयारच असतो.

स्पेनमधल्या मुर्सिया शहरात २००१ साली ४४९ जणांना हा आजार झाल्याचे निश्चित झाले. उगम एका रुग्णालयाच्या कूलिंग टॉवरमध्ये सापडला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात २०१५ मध्ये एका हॉटेलच्या टॉवरमुळे १३८ जण आजारी पडले, १६ दगावले. त्यानंतर त्या शहराने प्रत्येक टॉवरची नोंदणी आणि तपासणी सक्तीची केली. तरीही २०२५ च्या उन्हाळ्यात हार्लेम भागात शंभराहून अधिक रुग्ण सापडले आणि सात जणांचा मृत्यू झाला. जुळलेल्या टॉवरपैकी एक सार्वजनिक रुग्णालयाचा होता. श्रीमंत शहरात, कायदा असूनही हे घडू शकते.

रुग्णालयाच्या बाबतीत काळजी जास्त, कारण तिथे आधीच अशक्त माणसे असतात: वृद्ध, मधुमेही, जुन्या दम्याचे रुग्ण, कर्करोगाचे उपचार घेणारे, धूम्रपानाने फुप्फुसे झिजलेले. एरवी या आजारात दहांपैकी एक रुग्ण दगावतो; आरोग्यसंस्थेत असताना लागण झाली तर चारांपैकी एक, असे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचे आकडे सांगतात. निदान लघवीच्या तपासणीने होऊ शकते, पण आपल्याकडे न्यूमोनियाच्या प्रत्येक रुग्णाची ती सरसकट होत नाही. पेनिसिलिनच्या कुळातल्या नेहमीच्या औषधांना हा जिवाणू दाद देत नाही. अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनसारखे औषध वेळेवर द्यावे लागते. म्हणजे टॉवर बिघडला, तर आजार दिसेल, कारण दिसणार नाही.

डेंग्यूच्या साथींनी विदर्भाला आठवड्यातून एकदा कूलर कोरडा करायला शिकवले. छतावरच्या टॉवरबाबत अशी सवय अजून लागायची आहे. सर्वांत नाजूक वेळ म्हणजे हिवाळ्यात बंद ठेवलेला टॉवर मार्चमध्ये पुन्हा सुरू करण्याची. महिनोन्‌महिने साचलेले पाणी न काढता, टाकी न घासता, निर्जंतुक न करता बटण दाबले, तर पहिल्याच दिवशी ते पाणी हवेत जाते.

खर्च कुठे लपतो?

एखाद्या इमारतीच्या अंदाजपत्रकात वातानुकूलनाचा मोठा आकडा चिलर, हवा फिरवणारी यंत्रे आणि पत्र्याच्या नळ्या यांचा असतो. टॉवर ही त्यातली लहान ओळ. म्हणून काटकसरीची कात्री तिथे सहज लागते. आकाराने थोडा लहान टॉवर, साधे सुटे भाग, पाणी प्रक्रियेचा संच ‘नंतर पाहू’. निविदा कमी दराची ठरते आणि बचत झाल्याचे समाधान मिळते.

ही बचत पुढे कशी फिटते ते पाहण्यासारखे आहे. टॉवर लहान पडला की चिलरकडे जाणारे पाणी एक-दोन अंशांनी गरम राहते, आणि दर अंशामागे चिलर साधारण दोन ते तीन टक्के जास्त वीज खातो, रोज, यंत्र चालेल तितकी वर्षे. पंख्याला वेग बदलणारे उपकरण बसवले नाही की तो थंडीच्या रात्रीही पूर्ण वेगाने फिरतो. वस्तुतः वेग पाचव्या हिश्शाने कमी केला तर पंख्याची वीज जवळपास निम्मी होते. तुषार अडवणारी पट्टी हलक्या दर्जाची घेतली, तर ३०० टनांच्या टॉवरमध्ये फिरणाऱ्या ताशी दोन लाख लिटर पाण्यातले सुमारे ४० लिटर तुषार बाहेर पडतात. चांगल्या पट्टीने ते चार लिटरवर येतात. या दोन पट्ट्यांच्या किमतीतला फरक रुग्णाच्या एका दिवसाच्या अतिदक्षता खर्चाशी ताडून पाहावा.

अडचणीचे मूळ हिशेबाच्या रचनेत आहे. इमारत बांधण्याचा पैसा भांडवली खर्चातून येतो, ती चालवण्याचा महसुली खर्चातून. शासकीय इमारतीत सर्वसाधारणपणे बांधणारा विभाग एक आणि चालवणारा दुसरा. खासगी संकुलात बांधकाम व्यावसायिक एक आणि बिल भरणारे गाळेधारक दुसरे. जो वाचवतो तो पुढे भरत नाही, आणि जो भरतो त्याला आराखड्याच्या वेळी कुणी विचारलेले नसते.

यावर उपाय अवघड नाही, पण तो निविदेआधी करावा लागतो. टॉवर ज्या पाण्यावर चालणार त्याची उन्हाळ्यातली तपासणी आधी व्हावी, कारण क्षार ठरला की दाटी ठरते आणि दाटी ठरली की रोजचे लिटर ठरतात. निविदांची तुलना निव्वळ खरेदीच्या किमतीवर न करता पंधरा वर्षांच्या वीज, पाणी, रसायने, जाळीदार थरांची बदली आणि मनुष्यबळ यांच्या एकत्रित खर्चावर व्हावी. भरले जाणारे आणि काढले जाणारे पाणी मोजणारी दोन स्वतंत्र मीटर बसावीत. ती नसतील तर दाटीचे सगळे आकडे कागदावरच राहतात. टॉवरची जागा ताजी हवा आत घेणाऱ्या तोंडांपासून आणि वॉर्डांच्या खिडक्यांपासून दूर असावी. पाण्याने भरलेल्या टॉवरचे वजन छताच्या आराखड्यात सुरुवातीलाच धरले जावे, नाहीतर मग जिथे स्लॅब पेलतो तिथे टॉवर बसतो, जिथे बसायला हवा तिथे नाही. आणि देखभाल करारात जिवाणू तपासणीचा, साफसफाईचा आणि मार्चमधल्या सुरुवातीचा स्पष्ट उल्लेख असावा, त्याच्या नावापुढे जबाबदार अधिकारी असावा.

दुसरे मार्ग आहेत का?

आहेत. पहिला मार्ग, उष्णता आतच येऊ न देणे. सेवाग्रामच्या बापूकुटीच्या जाड मातीच्या भिंती, कौलारू छप्पर आणि खोल वळचण यांत तो धडा उभा आहे. शस्त्रक्रियागृह मातीच्या भिंतींनी गार होणार नाही हे उघड आहे; पण पश्चिमेची काच कमी केली, छताला उष्णतारोधक थर दिला, खिडक्यांना छज्जे दिले तर ३०० टनांची गरज खाली येते. वाचलेल्या प्रत्येक टनाला ना टॉवर लागतो ना पाणी.

दुसरा मार्ग, सगळ्या जागांना एकच मोजपट्टी न लावणे. बाह्यरुग्ण विभागाच्या प्रतीक्षा दालनाला वर्ध्याच्या कोरड्या उन्हाळ्यात मोठ्या कूलरची हवा पुरते. चिलरचा गारवा शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग, प्रयोगशाळा आणि तपासणी यंत्रांपुरता ठेवता येतो. मिश्र यंत्रणाही शक्य आहे: काही यंत्रे एअर-कूल्ड, काही टॉवरवर. पाणी तुटले तरी निदान शस्त्रक्रियागृह बंद पडत नाही. संहितेतली ३३ टक्क्यांची मर्यादा अशा मिश्रणाला जागा देते.

तिसरा मार्ग, वापरलेले पाणी पुन्हा वापरणे. नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेले शहराचे सांडपाणी कोराडीच्या औष्णिक केंद्राला पुरवले जाते. तो प्रकल्प रोज १३ कोटी लिटरचा आहे. मोठ्या रुग्णालयाचे स्वतःचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र असतेच. त्यातून दिवसाला ३०-४० हजार लिटर टॉवरला देणे अवघड नाही. मात्र इथे काटकसर चालत नाही. अर्धवट शुद्ध पाण्यात जिवाणूंचे खाद्य असते आणि टॉवर ते पाणी श्वासाच्या वाटेवर फेकतो. गाळणी आणि निर्जंतुकीकरणाचा शेवटचा टप्पा असेल तरच हा मार्ग घ्यावा. उलट टॉवरमधून काढलेले दाट पाणी शौचालयात वापरता येते. त्यासाठी वेगळी नळी बांधकामाच्या वेळीच टाकावी लागते. नंतर भिंती फोडून ती कुणी टाकत नाही.

निर्णयाची वेळ

टॉवर वाईट नाही आणि एअर-कूल्ड यंत्रही वाईट नाही. पाण्याची खात्री आणि देखभालीचा माणूस असेल, तर वर्ध्याच्या उन्हाळ्यात टॉवरसारखी काटकसरी यंत्रणा नाही. या दोन्हींपैकी एक जरी नसेल, तर तीच यंत्रणा आधी टँकरवर आणि मग रुग्णांच्या फुप्फुसांवर भार टाकते. अशा ठिकाणी जास्त वीजबिलाचे एअर-कूल्ड यंत्र परवडले, कारण ते दुर्लक्ष झाले तर फक्त बंद पडते. आजार पसरवत नाही.

हा निर्णय इमारत उभी राहिल्यावर घेता येत नाही. नळ्या, टाक्या, छताचे वजन, पाण्याचे आरक्षण हे सगळे नकाशा कागदावर असतानाच ठरते. जिल्ह्यात आज जी रुग्णालये, महाविद्यालये आणि संकुले कागदावर आहेत, त्यांच्या अंदाजपत्रकात टॉवरच्या किमतीच्या शेजारी रोजचे लिटर, त्या लिटरांचा उगम आणि वर्षाच्या देखभालीची रक्कम लिहिलेली आहे का, एवढे पाहिले तरी पुरे. घरचा कूलर विकत घेताना माणूस पाणी कुठून भरायचे हे आधी बघतो. छतावरच्या थोरल्या कूलरसाठी तेवढा विचार तरी व्हायला हवा.